फिरोजाची टंचाई: बंद खाणी, जुने साठे आणि चढते भाव

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात चांदीत जडवलेला फिरोजा (टर्कॉइज, निळा-हिरवा खडा) सध्या एकाच वाक्यावर विकला जातो: खाण बंद झाली, आता माल येणार नाही. हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. त्यावर चढवलेला भाव मात्र खरा असेलच असं नाही, आणि ते तपासायला गेल्या पन्नासेक वर्षांत काय घडलं ते पाहावं लागतं.

सिनाईच्या प्राचीन खाणी, इराणमधल्या निशापूरचा निळा खडा, न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यात सापडलेले हजारो मणी हा सगळा भाग इथे सोडून देऊ. आजच्या भावाचं मूळ तांब्याच्या धंद्यात आहे. फिरोजा हे तांबं आणि ॲल्युमिनियमचं, स्फटिकात पाणी धरून असलेलं फॉस्फेट. कोरड्या प्रदेशात जमिनीतलं पाणी तांब्याच्या खडकातून झिरपतं आणि भेगांत हा खडा साकळतो. म्हणून तो बहुतेक वरच्या थरातच मिळतो. खाण खोल गेली की फिरोजा संपतो, तांबं मात्र निघत राहतं. बिस्बी, मोरेन्सी, किंगमन, ग्लोबजवळची स्लीपिंग ब्यूटी ही ॲरिझोनातली सगळी नावं मुळात तांब्याच्या खाणींची. फिरोजा तिथे जोडउत्पन्न होता. नेवाडात उलट, केवळ फिरोजासाठी खणलेल्या लहान खाणी जास्त.

१९७०च्या दशकात या दागिन्यांची मोठी लाट आली. नावाला भाव मिळण्याची सवय तेव्हाच लागली. १९७३मध्ये नेवाडात सापडलेला लँडर ब्लू हे त्याचं ठळक उदाहरण: काळ्या जाळीचा (म्हणजे मूळ खडकाच्या रेषा उमटलेला) कठीण खडा, आणि एकूण उत्पन्न अवघं शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४५ किलो. लाटेमागोमाग रंगवलेले दगड आणि प्लास्टिकचे ठोकळे बाजारात घुसले, गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला आणि भाव कोसळले. पुढे चीनच्या हुबेई प्रांतातला माल स्वस्तात मिळू लागला. त्यातला जाळीदार खडा नेवाडाच्या नावाने खपवणं सोपं होतं, आणि तो तसा खपवला गेला.

मग आलं २०१२. स्लीपिंग ब्यूटीतून फिरोजा काढणं त्या वर्षी थांबलं. आजच्या टंचाईच्या बोलण्याची सुरुवात इथून होते, आणि सर्वांत जास्त घोळही इथेच आहे. विक्रेते ‘साठा संपला’ म्हणतात, पण थांबवण्याचा निर्णय तांब्याच्या धंद्याच्या हिशेबाने झाला होता. चालू खाणीत फिरोजा वेचायचा तर यंत्रं थांबवावी लागतात, वेगळी माणसं उतरवावी लागतात, त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यावी लागते. एवढं करून मिळणारा पैसा तांब्यापुढे नगण्य. शिवाय ‘बंद’ म्हणजे ‘बाजारातून गायब’ नव्हे. आधी काढलेला कच्चा माल पिंपांत भरून ठेवलेला होता, आणि काम थांबल्याची बातमी येताच ज्यांच्याकडे तो होता त्यांनी हात आखडता घेतला. खाण थांबल्याने पुरवठा हळूहळू आटला असता; भाव एकदम उसळला तो साठा दाबून ठेवल्यामुळे.

खरा फटका बसला तो कारागिरांना. झुनी या न्यू मेक्सिकोतल्या मूलनिवासी लोकांच्या सुईसारख्या बारीक खड्यांच्या आणि जडावाच्या कामाला शेकडो तुकडे एकाच छटेचे लागतात. स्लीपिंग ब्यूटीचा खडा बिनजाळीचा, एकसारखा आभाळी निळा. त्याऐवजी किंगमनचा किंवा मेक्सिकोतल्या काम्पितोसचा माल घेतला तर छटा जुळवण्यात बराच माल बाद होतो. ही टंचाई खरी आहे आणि तिची किंमत कारागिराला मिळायलाच हवी. पण दुकानातला चढा भाव त्याच्यापर्यंत पोहोचतोच असं नाही.

स्लीपिंग ब्यूटीतला बराच माल मऊ होता, तो तसाच वापरता येत नसे. असा खडू-फिरोजा पक्का करण्याची रीत १९५०च्या दशकापासून रूढ झाली: तुकडे पूर्ण वाळवायचे, निर्वात भांड्यात पातळ राळेत बुडवायचे, मग दाब आणि उष्णता देऊन राळ घट्ट करायची. वाळवण्यात घाई झाली तर राळ गाभ्यापर्यंत जात नाही, आणि खडा घासताना मधला पांढरा मऊ भाग उघडा पडतो. पक्का केलेला खडा खोटा नसतो. पण त्याला नैसर्गिक कठीण खड्याचा भाव लावणं ही सरळ फसवणूक आहे. कारण दुर्मीळ असतो तो मुळातच कठीण असलेला माल. मऊ माल पुष्कळ निघतो.

ओळख पटवण्याच्या काही गोष्टी हाताशी आहेत. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस खड्याच्या मागून फिरवला आणि निळा डाग आला, तर रंग वरून दिलेला आहे. भिंगाखाली भेगांत रंग साचलेला दिसतो. फिरोजाची घनता पाण्याच्या साधारण २.६ ते २.९ पट; राळ भरलेला खडा त्याहून हलका भरतो, रंगवलेला मॅग्नेसाइट ३च्या आसपास जातो. रंगवलेला हाउलाइट २.६च्या जवळ येतो, म्हणून तिथे फक्त घनतेवर विसंबू नये. तो बराच मऊ असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मात्र राळ न वापरता खडा घट्ट करणारी एक प्रक्रिया आली. ती या कुठल्याच चाचणीत सापडत नाही. प्रयोगशाळेत पोटॅशियमचं वाढलेलं प्रमाण पाहिलं तरच कळते.

वजनाचाही हिशेब करावा. पातळ शिरेतला खडा फुटू नये म्हणून मागे इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा) थर देतात. ही जुनी, रास्त पद्धत आहे. पण खडा कॅरटवर, म्हणजे वजनावर, विकताना तो थरही तोलला जातो. ४ मिलिमीटर जाडीत दीड मिलिमीटर थर असेल तर वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त इपॉक्सीचा असू शकतो.

अलीकडे भाववाढीचं खापर चांदीवरही फोडलं जातं. ६० ग्रॅमच्या ९२.५ टक्के चांदीच्या कड्यात शुद्ध चांदी ५५.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.७८ ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस सुमारे ३१.१ ग्रॅम). औंसाला २० डॉलर असताना तिची किंमत ३६ डॉलर होते, ५० डॉलर असताना ८९. फरक ५३ डॉलरचा. कड्याचा भाव ६०० डॉलरने वाढला असेल तर उरलेले ५४७ डॉलर खड्याच्या नावावर, मजुरीवर किंवा नुसत्या गाजावाजावर लागलेत. ते कशावर, हे विचारायला हवं.

घासून जडवलेला खडा नेमका कुठल्या खाणीचा, हे जाळी आणि रंग पाहून छातीठोक सांगता येत नाही. नेवाडा आणि हुबेईच्या मालात तर जाणकारांचीही गल्लत होते. म्हणून खाणीच्या नावासाठी जादा पैसे द्यायचे असतील तर पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: खाणीचं नाव, खडा नैसर्गिक की प्रक्रिया केलेला, मागे थर आहे की नाही, आणि कच्चा माल कोणाकडून आला. शेवटची गोष्ट लिहून मिळत नसेल, तर फक्त खड्याचा आणि कामाचा भाव द्यावा, खाणीच्या नावाचा नाही.