ओळखीच्या बाईच्या हातून बाळंतपण : सुईण ते मिडवाइफ

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यामुळे पोटुशी बाईची नोंदणी बहुतेकदा सासरच्या उपकेंद्रात होते आणि कळा सुरू होतात त्या दुसऱ्याच तालुक्यात. नोंदणी करणारी नर्सबाई, घरी चौकशीला येणारी आशाताई आणि प्रसूतीच्या खोलीतल्या सिस्टर या तिघींना एकमेकींची नावंही ठाऊक नसतात. आपली माहिती असलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत राहणारी एक जाणकार बाई मिळावी, एवढी साधी अपेक्षा आजच्या आईबापांची असते. ती पुरी का होत नाही, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा ती बाई म्हणजे सुईण. पुष्कळदा ती मातंग, महार किंवा न्हावी समाजातली. बाळाची नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायची ती हीच, आणि त्याच कामाचा विटाळही तिच्याच माथी. मोबदला म्हणजे धान्य, जुनं लुगडं, फार तर खणनारळ. तिच्या हातांना अनुभव होता आणि ती रात्रभर उशाशी बसून राहायची. पण विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात व्हायचा, आणि रक्तस्राव थांबवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. सुईणीच्या आठवणी काढताना ही दुसरी बाजू झाकू नये असं मला वाटतं. त्यात हजारो बायका गेल्या आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घालणारी पहिली माणसं डॉक्टर नव्हती. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. बाळंतिणीला तिची जात आणि तिची ‘चूक’ न विचारता आसरा देणारी ही जागा होती. आपल्याकडच्या प्रसूतिसेवेचा इतिहास मी तिथूनच सुरू करेन.

आनंदीबाई जोशी यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं. पुढे अमेरिकेत 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. त्याच सुमारास डफरिन फंडातून, म्हणजे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी उभारलेल्या निधीतून, बायकांसाठी दवाखाने निघू लागले आणि मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहिलं. सुईणींना शिकवण्याचे वर्गही निघाले. पण हे सगळं शहरांपुरतंच राहिलं. 1946 साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने देशभरात शिकलेल्या मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित प्रसविका, मोजल्या तेव्हा त्या सुमारे 5000 भरल्या. हजार जन्मांमागे सुमारे 20 आया मरत होत्या.

स्वातंत्र्यानंतर ‘एएनएम’ म्हणजे सहायक परिचारिका प्रसविका, आजची उपकेंद्रातली नर्सबाई, आली. नावातच प्रसविका असलेली ही बाई सुरुवातीला मुख्यतः बाळंतपणासाठीच घडवली जात होती. 1973 च्या कर्तारसिंग या सरकारी समितीच्या अहवालानंतर तिला बहुउद्देशीय कर्मचारी केलं गेलं. अभ्यासक्रम आखूड झाला आणि कुटुंब नियोजनाची उद्दिष्टं, लसीकरण, मलेरिया, रजिस्टरं असं सगळं तिच्या अंगावर पडलं. सपाटीवर 5000 आणि आदिवासी भागात 3000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, आणि तिथे बहुतेकदा ती एकटीच. अशा बाईने कोणाच्या उशाशी रात्र कशी काढायची? तिचं बाळंतपणाचं कसब हळूहळू गंजलं, आणि त्याचा दोष तिला देता येत नाही. मिडवाइफ हा स्वतंत्र पेशा आपण इथे गमावला.

याच काळात महाराष्ट्रात दोन ठिकाणी उलट दिशेने काम चाललं होतं. 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कित्येक दलित, कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, आणि कोणाला वेळेत दवाखान्यात पाठवायचं याची पारख त्यांनी कमावली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या सुईणीच्या जोडीने बाळंतपणाला हजर राहायच्या आणि नंतर महिनाभर घरी जाऊन बाळ पाहायच्या. तिथला नवजात बालमृत्युदर हजारी सुमारे 62 वरून सुमारे 25 वर आला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी पाहायला येते, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं मूळ गडचिरोलीत आहे. या भेटी हा तुमचा हक्क आहे. आशाताई आली नाही तर निरोप धाडा.

2005 साली दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैशाची मदत देणारी जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ मोफत उपचार आणि गाडीही आली. बाळंतपणं झपाट्याने दवाखान्यात गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. मातामृत्यू खरोखर घटले, ही मोठी कमाई आहे. मात्र त्याच सर्वेक्षणात दर चारातलं एक मूल सिझेरियनने जन्मलेलं दिसतं, आणि प्रसूतीच्या खोलीत ओरडा, घाई, एकटेपणा यांच्या तक्रारी जुन्याच आहेत.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने 2018 च्या डिसेंबरात मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने आणि तेलंगण सरकारने हा रस्ता चालून पाहिला होता. नोंदणीकृत नर्सला आणखी 18 महिने शिकवायचं आणि जोखीम नसलेली बाळंतपणं तिच्या देखरेखीखालच्या कक्षात करायची, अशी ही कल्पना. तिथे बाईला कळांमध्ये चालू-फिरू द्यावं, पाणी आणि हलका आहार द्यावा, हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, उगाच टाका घ्यावा लागेल असा छेद देऊ नये, बाळ लगेच आईच्या छातीवर द्यावं, अशी अपेक्षा आहे. रक्तदाब चढला, रक्त जाऊ लागलं, बाळाचे ठोके बिघडले, की डॉक्टरांना बोलावणं हेही तिचंच काम.

हे कक्ष दवाखान्यातच असतात. मिडवाइफ घरी येऊन बाळंतपण करील, अशी तरतूद यात नाही. असे कक्ष अजून सगळीकडे नाहीत, म्हणून घराजवळची सेवा अजूनही एएनएम आणि आशाताईच्याच खांद्यावर आहे. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा, किमान चार तपासण्या चुकवू नका, आणि माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना बरोबर न्या. दुर्गम आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं. तारीख जवळ आली की तिथे आधीच जाऊन राहता येतं.

सोबतीचंही आधीच ठरवा. 2016 पासून सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईजवळ एक सोबतीण राहू शकते. शक्यतो ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असा नियम आहे. जिथे पडदे लावून खाटा वेगळ्या केलेल्या आहेत, तिथे नवऱ्यालाही आत राहू देता येतं. तेव्हा आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच दोघांनी मिळून सिस्टरांना विचारून घ्यावं.