गाठीतला नत्र आणि मुळांभोवतीचा गोतावळा

१८५७ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लॉज, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी एक अतिशय काटेकोर प्रयोग मांडला. प्रश्न होता, वनस्पती हवेतला नत्र वापरू शकतात का? जवळजवळ वीस वर्षं आधी फ्रान्समध्ये बुसिंगो यांनी क्लोव्हर आणि वाटाणा ही शेंगावर्गीय पिकं वाढवून पाहिली होती. मातीतून मिळू शकेल त्याहून जास्त नत्र या पिकांत भरतो, गव्हात मात्र भरत नाही, असं त्यांना दिसलं होतं. रॉथॅमस्टेडच्या मंडळींना शंकेला जागाच ठेवायची नव्हती. त्यांनी माती कडक भाजून घेतली, रोपं काचेखाली वाढवली आणि आत जाणाऱ्या हवेतला अमोनिया धुऊन काढला. उत्तर आलं, नाही. शेंगावर्गीय वनस्पतीसुद्धा हवेतला नत्र घेत नाहीत.

मोजमाप अचूक होतं, पण माती भाजताना तिच्यातले जिवाणूही मेले होते. हवेतला नत्र पकडणारे तेच होते. हा उलगडा व्हायला १८८६ साल उजाडलं. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी निर्जंतुक वाळूत ओट आणि वाटाणा लावले आणि त्यांना शेतातल्या मातीचं निवळलेलं पाणी थोडंसं घातलं. ओटला काही फरक पडला नाही. वाटाण्याच्या मुळांवर मात्र गाठी आल्या आणि नत्राचं खत नसतानाही रोपं जोमानं वाढली. दोनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला. अशा जिवाणूंना आज आपण एकत्रितपणे रायझोबिया म्हणतो.

त्यानंतरचं जवळपास शतकभराचं संशोधन एका जोडीवर उभं राहिलं. एक वनस्पती, एक जिवाणू आणि भोवती निर्जंतुक माध्यम. त्यातून मिळालेलं ज्ञान अफाट आहे. पण शेतात रायझोबियम एकटा कधीच नसतो. एक ग्रॅम मातीत अब्जावधी जिवाणू असतात, त्यांच्या हजारो जाती असतात, आणि मुळाजवळ तर ही गर्दी आणखी दाटते. या जोडीकडे भोवतालच्या वस्तीसकट पाहणं हा मला या विषयातला गेल्या काही दशकांतला सर्वांत मोठा बदल वाटतो. आधी जोडीची गोष्ट थोडक्यात सांगतो.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधानं घट्ट जखडलेले असतात. कारखान्यात हा बंध तोडून अमोनिया करायला ४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. रायझोबियाकडचं नायट्रोजनेज हे विकर तेच काम मातीच्या नेहमीच्या तापमानाला करतं. त्याचीही किंमत आहे. नत्राच्या एका रेणूमागे पेशीचं ऊर्जाचलन असलेल्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्च होतात. हा सगळा खर्च वनस्पती पानांत तयार केलेल्या साखरेतून भागवते. त्यामुळे जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की ती गाठी करायचं टाळते. किती गाठी होऊ द्यायच्या यावरही तिचं नियंत्रण असतं. मुळाकडून खोडाकडे आणि खोडाकडून परत मुळाकडे निरोप जातात आणि पुरेशा गाठी झाल्या की पुढच्या थांबवल्या जातात. हे नियंत्रण बिघडलेली उत्परिवर्तित सोयाबीनची रोपं मुळं गाठींनी भरून टाकतात आणि स्वतः खुरटी राहतात.

नत्राची चणचण असलेलं मूळ फ्लॅव्होनॉइड रसायनं मातीत सोडतं. योग्य जातीच्या रायझोबियमला ती ओळखू येतात आणि तो उत्तरादाखल नॉड घटक नावाचे रेणू सोडतो. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग मिसळला, तरी मूळकेसाला त्याची चाहूल लागते. मग मूळकेस वाकतो, टोकाशी जिवाणूला कवेत घेतो आणि त्याला आत नेणारी एक सूक्ष्म नळी तयार होते. तिकडे मुळाच्या आतल्या पेशी विभागू लागलेल्या असतात, त्यांचीच पुढे गाठ बनते. नॉड घटक ओळखणारे वनस्पतीचे ग्राही रेणू २००३ साली लोटस जॅपोनिकस या लहानशा शेंगावर्गीय वनस्पतीत सापडले. पुढची निरोप पोचवणारी यंत्रणा मात्र शेंगावर्गीयांनी नव्यानं घडवलेली नाही. मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीला आत घेण्यासाठी वनस्पतींनी ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी जी व्यवस्था बसवली, तिचाच बराचसा भाग सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी गाठींसाठी वापरात आला.

जिवंत गाठ नखानं फोडली तर आतून गुलाबी दिसते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. गाठीपुढे एक विलक्षण पेच असतो. ऑक्सिजन लागला की नायट्रोजनेज कायमचं निकामी होतं, आणि ऑक्सिजनच नसला तर जिवाणू एटीपी बनवणार कसा? लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं आणि जिवाणूच्या श्वसनापुरताच त्याच्याकडे पोचवतं. त्यामुळे गाठीच्या गाभ्यात मोकळा ऑक्सिजन हवेशी समतोल असलेल्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो. हे प्रथिन बनू न दिलेल्या रोपांच्या गाठी आतून पांढुरक्या निघतात आणि त्यांत नत्र स्थिर होत नाही.

आता वस्तीकडे वळू. गाठीत शिरलेला प्रत्येक रायझोबियम कामाचा असेलच असं नाही. आयती साखर खाऊन नत्र न देणारे वाणही मातीत असतात. मग वनस्पती काय करते? २००३ साली टोबी कीअर्स, फोर्ड डेनिसन आणि सहकाऱ्यांनी याचा सुंदर प्रयोग केला. सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला जवळजवळ सगळा नत्र काढून त्यांनी त्याच्या जागी आरगॉन हा निष्क्रिय वायू भरला. जिवाणू तेच, गाठी त्याच, पण पकडायला नत्रच उरला नाही. वनस्पतीच्या दृष्टीनं हे जिवाणू कामचुकार ठरले. तिनं त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि त्यांतल्या जिवाणूंची संख्या नेहमीच्या मानानं निम्म्यावर आली. मेडिकागो (लसूणघासाच्या जवळच्या वनस्पती), वाटाणा आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पती तर त्याही पुढे जातात. त्या शेकडो प्रकारची छोटी प्रथिनं गाठीतल्या जिवाणूंवर सोडतात. त्यांच्या प्रभावानं जिवाणू फुगतात, त्यांच्यात डीएनएच्या अनेक प्रती साठतात आणि पुन्हा विभागायची क्षमता ते कायमची गमावतात. गाठ सुकल्यावर मातीत परततात ते नळीत मागे राहिलेले, रूप न बदललेले त्यांचे भाऊबंद.

वनस्पतीची ही निवड रायझोबियापुरतीच असते, असा समज बराच काळ होता. २०१६ साली लोटस जॅपोनिकसवर झालेल्या एका अभ्यासानं तो मोडला. गाठी करायला लागणारी जनुकं बिघडलेली रोपं आणि निरोगी रोपं एकाच मातीत वाढवून, संशोधकांनी डीएनएवरून मुळांतल्या आणि मुळांभोवतीच्या मातीतल्या जिवाणूंची शिरगणती केली. गाठी नसलेल्या रोपांच्या मुळांवरची वस्तीच बदलली होती, किमान १४ गणांच्या जिवाणूंचं प्रमाण वेगळं झालं होतं. ही रोपं नत्राविना उपाशी होती म्हणून असं झालं असेल, ही शंका साहजिक आहे. म्हणून त्यांनी मातीत नत्र घालून प्रयोग केला. तरीही त्या रोपांभोवतीची वस्ती वेगळीच राहिली. याचा अर्थ, रायझोबियमला दार उघडणारी जनुकं मुळांवर इतर कोण राहणार हेही ठरवतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे गाठ आणि भोवतालची वस्ती हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

गाठीच्या आतही रायझोबिया एकटे नसतात. बॅसिलस, स्यूडोमोनास, पेनिबॅसिलस असे कितीतरी पाहुणे तिथे सापडतात. त्यांतल्या काहींना स्वतः गाठ करता येत नाही, ते रायझोबियमनं उघडलेल्या नळीतूनच आत शिरतात. बाहेरच्या मातीतही हे शेजारी गप्प बसत नाहीत. सोयाबीनवर मुख्यतः ब्रॅडीरायझोबियम आणि सायनोरायझोबियम या दोन प्रजातींचे जिवाणू गाठी करतात, आणि खारवट, विम्लधर्मी जमिनीत दुसऱ्याचं पारडं जड असतं. २०२० साली चिनी संशोधकांना आढळलं की मुळांभोवतीच्या बॅसिलस सिरियस गटातल्या जिवाणूंचा यात हात आहे. ते सायनोरायझोबियमची वाढ वाढवतात आणि ब्रॅडीरायझोबियमची रोखतात. म्हणजे सोयाबीनच्या गाठीत कोण जाणार, यात स्वतः गाठ न करणाऱ्या तिसऱ्याचाच शब्द चालतो.

वस्तीत जनुकांचीही देवाणघेवाण होते. न्यूझीलंडमध्ये, जिथे लोटसवर गाठी करणारे जिवाणू मुळात नव्हते अशा जमिनीत, बियाण्याला जिवाणूंचा एकच निवडक वाण लावून लोटस पेरण्यात आला. सात वर्षांनी गाठी तपासल्या तर बहुतेकांत तो वाण नव्हताच, होते ते स्थानिक जिवाणू! पाहुण्या वाणाच्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या सुमारे ५ लाख अक्षरांचा अख्खा तुकडा त्यांनी उचलला होता आणि त्या बळावर ते गाठी करू लागले होते. १९९५ साली सुलिव्हन, रॉनसन आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. पुढे ऑस्ट्रेलियात बिसेरुला या चाऱ्याच्या पिकाबाबतही असंच घडलं. तिथे मात्र नव्यानं जनुकं मिळवलेल्यांतले काही वाण गाठी करत, पण नत्र फारसा देत नसत.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं याचं महत्त्व मोठं आहे. बियाण्याला रायझोबियम संवर्धक, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचं मिश्रण, चोळण्याची पद्धत १८९६ सालापासूनची. प्रयोगशाळेत अव्वल ठरलेला वाण शेतात मात्र पुष्कळदा निष्प्रभ ठरतो. हवाईतल्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं की मातीत त्या पिकाशी जुळणारे स्थानिक रायझोबिया ग्रॅममागे ५० जरी असले, तरी संवर्धकाचा फायदा दिसेनासा होऊ शकतो. स्थानिक जिवाणू त्या मातीच्या आम्लतेला, उन्हाला, कोरडेपणाला आणि शेजाऱ्यांना सरावलेले असतात. नत्र पकडण्यात ते कमी पडत असतील, पण मुळापर्यंत आधी पोचतात. त्यामुळे केवळ नत्रस्थिरीकरणाची क्षमता मोजून वाण निवडणं मला अपुरं वाटतं. तो गर्दीत टिकतो का, ही परीक्षाही तितकीच कसून घ्यायला हवी.

ब्राझीलनं ही परीक्षा शेतातच घेतली. तिथल्या मातीत सोयाबीनचे रायझोबिया मुळात नव्हते, ते बाहेरून आणावे लागले. तिथल्या मृदा-जिवाणू संशोधक योहाना डोबरायनर यांनी नत्राच्या खताऐवजी जिवाणूंवर भर द्यायचा आग्रह धरला. सेराडो या गवताळ प्रदेशाच्या आम्लधर्मी जमिनीत आधी सोडलेले वाण काही वर्षांनी तिथल्याच गाठींतून परत वेगळे केले गेले, आणि त्यांतले सरस ठरलेले पुन्हा संवर्धकात वापरले गेले. आज तिथलं बहुतांश सोयाबीन नत्राच्या रासायनिक खताशिवाय पिकतं. या कामाचा पुढचा टप्पा गाठणाऱ्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी ब्रॅडीरायझोबियमच्या जोडीला ॲझोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू द्यायला सुरुवात केली. सोयाबीनवर ॲझोस्पिरिलमला गाठ करता येत नाही. पण तो ऑक्सिनसारखी संप्रेरकं तयार करतो, त्यामुळे मुळांचा पसारा वाढतो, मूळकेस वाढतात, आणि ब्रॅडीरायझोबियमला आत शिरायला जास्त जागा मिळतात.