प्राणिप्रसार व अधिवास-संलग्नता

प्राण्याने जन्मस्थान किंवा पूर्वीचे प्रजननस्थान कायमचे सोडून दुसरीकडे प्रजनन करणे म्हणजे प्रसार. ऋतुमानानुसार होणाऱ्या ये-जा स्थलांतरात परतणे असते, यात नसते. सस्तन प्राण्यांत बहुधा नर, तर पक्ष्यांत माद्या अधिक दूर जातात (ग्रीनवुड, १९८०). अपवाद पुष्कळ आहेत.

‘संलग्नता’ ही संज्ञा भूदृश्य परिस्थितिविज्ञानात १९८४ च्या सुमारास मेरिअम यांनी आणली, असे सामान्यतः मानतात. रूढ व्याख्या मात्र टेलर, फॅरिग, हेनीन व मेरिअम यांची (१९९३): संसाधनांच्या तुकड्यांमधील हालचालीला भूप्रदेश किती साह्य करतो वा अडवतो, ते प्रमाण. पुढे तिचे दोन अर्थ झाले. रचनात्मक संलग्नता नकाशावरून मोजता येते, कार्यात्मक संलग्नता जातीगणिक बदलते. दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो, कारण झाडांची एकच रांग वनपक्ष्याला वाट, तर गवताळ माळावरील फुलपाखराला भिंत ठरू शकते.

प्रसाराच्या अंतराच्या अंदाजासाठी बोमन, येगर व फॅरिग (२००२) यांचे सूत्र सस्तन प्राण्यांना लावतात. संचारक्षेत्राच्या (प्राणी नेहमी वावरतो त्या क्षेत्राच्या) वर्गमुळाच्या सुमारे ७ पट मध्यक अंतर (निम्मे प्राणी याहून कमी, निम्मे जास्त जातात ते) व सुमारे ४० पट कमाल अंतर धरतात. संचारक्षेत्र ९ चौ. किमी. असल्यास ही अंतरे अनुक्रमे २१ व १२० किमी. येतात. दूरचे तुकडे जोडतात ते कमाल अंतराकडचे मोजके प्राणी. सरासरीवर विसंबल्यास तेच हिशेबातून सुटतात.

मार्ग ठरवताना नकाशाच्या प्रत्येक चौकटीला ‘रोधमूल्य’, म्हणजे ती ओलांडणे प्राण्याला किती अवघड याचा आकडा, देतात. न्यूनतम-खर्च पद्धती एकूण रोध सर्वांत कमी असलेली एकच रेषा दाखवते. विद्युत्-मंडलाच्या सिद्धांतावर आधारलेली मॅक्रे यांची पद्धती (२००६) पर्यायी वाटाही जमेस धरते. चौकटी मोठ्या ठेवल्यास अरुंद रस्ता नकाशातून नाहीसा होतो. लहान ठेवूनही रस्त्याच्या चौकटी फक्त कोपऱ्यांत टेकल्या, तर गणितातला प्राणी तिरका निसटतो. याहून मोठी चूक म्हणजे स्थिरावलेल्या प्राण्यांच्या गळ्यातील जीपीएस-पट्ट्यांच्या नोंदींवरून रोधमूल्ये काढणे. स्थिरावलेला प्राणी टाळतो ती शेते स्थानशोधात निघालेला प्राणी अनेकदा रात्रीतून ओलांडतो. त्यामुळे रोध फुगतो.

पोहोचणे पुरेसे नाही. आगंतुकाने प्रजननही करावे लागते. समूहातील जनुकीय विविधता टिकण्यासाठी पिढीमागे एक प्रजननक्षम आगंतुक हा जुना नियम मिल्स व ॲलनडॉर्फ (१९९६) यांनी १ ते १० असा सैल केला. नव्या अडथळ्याचा जनुकीय ठसा उमटायला अनेक पिढ्या लागू शकतात. म्हणून दोन समूहांतील जनुकीय साम्य हा आजची वाट खुली असल्याचा पुरावा नव्हे.

तुकडे जोडणाऱ्या अधिवासाच्या पट्ट्यांतून, म्हणजे भ्रमणमार्गांतून, रोग, वणवा व शिकारी प्राणीही पसरतील, असा आक्षेप सिंबरलॉफ व कॉक्स यांनी १९८७ मध्ये घेतला.