ग्रहण दारात आलं होतं, मग बोटीनं कशाला जायचं?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एका टूर कंपनीची जाहिरात फिरते आहे. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण, क्रूझवरून. शुद्ध शाकाहारी जेवण, मराठी टूर मॅनेजर, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘जहाज चंद्राच्या सावलीसोबत धावतं, म्हणून ग्रहण जास्त वेळ दिसतं!’ त्याखाली रामबागेतल्या एका काकूंचा मेसेज: ‘२००९ साली ग्रहण आपल्या इंदूरलाच आलं होतं ना? तेही फुकटात. आता लाखो रुपये कशाला घालवायचे?’

काकूंचा प्रश्न रास्त आहे. जाहिरातीतलं वाक्य मात्र हिशेबाला टिकत नाही.

२२ जुलै २००९ ला सूर्य उगवून जेमतेम अर्धा तास झाला होता, तेव्हा चंद्राची सावली सुरत, इंदूर, भोपाळवरून पाटण्याकडे निघून गेली. दिव्यांची आवस होती आणि आभाळ गच्च भरलेलं. सराफ्याच्या बाजूला गच्चीवर उभं राहून आम्हांला दिसलं ते एवढंच की करड्या ढगांचा रंग एकाएकी शाईसारखा झाला, कबुतरं एकदम उडाली, रस्त्यावरचे दिवे लागले आणि तीनेक मिनिटांत पुन्हा उजाडलं. सूर्यही नाही, आणि खग्रास स्थितीत त्याच्याभोवती दिसणारं तेजाचं वलय, म्हणजे प्रभामंडलही नाही.

पण त्याच दिवशी, त्याच सावलीखाली, प्रशांत महासागरात इवो जिमा बेटाजवळ बोटीवर उभ्या असलेल्या लोकांना ते ६ मिनिटं ३९ सेकंदांच्या आसपास दिसलं. आपल्या दुपटीहून जास्त! ग्रहण तेच, चंद्र तोच. मग हा फरक कुठून आला? मला या विषयात सगळ्यांत जास्त आवडते ती हीच गोष्ट, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

चंद्र पृथ्वीभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, आणि पृथ्वीच्या जवळ असताना त्याचा वेग ताशी साधारण ३९०० किलोमीटर असतो. त्याची सावलीही जवळपास त्याच वेगानं पूर्वेकडे सरकते. पृथ्वीही पूर्वेकडेच वळते. विषुववृत्तावर हा वेग ताशी १६७० किलोमीटर, आणि इंदूरच्या अक्षांशावर सुमारे १५४०. म्हणजे शेजारच्या रुळावरून त्याच दिशेनं जाणारी गाडी आपल्याला ओलांडतेय. आपली गाडी उभी असेल तर ती झपकन निघून जाते, आपलीही धावत असेल तर तिचे डबे संपता संपत नाहीत.

आता खरी मेख. पृथ्वीच्या वळण्याचा फायदा दुपारी मिळतो, सकाळी नाही. भर दुपारी आपण सावलीच्या दिशेनं सरकत असतो. सूर्योदयाच्या वेळी मात्र पृथ्वी आपल्याला जवळजवळ सरळ सूर्याच्या रोखानं नेत असते. त्या वेगाचा सावलीच्या शर्यतीत काही उपयोग नाही. शिवाय सकाळी आपण पृथ्वीच्या कडेवर असतो, म्हणजे दुपारच्या मानानं चंद्रापासून सुमारे ६४०० किलोमीटर लांब. सावली शंकूसारखी निमुळती होत येते, त्यामुळे तेवढ्या अंतरात तिची रुंदी पन्नाससाठ किलोमीटरनं घटते. दुपारी २५८ किलोमीटर रुंद असलेली सावली सकाळी दोनशेच्या घरात येते. २०० ला ३९०० नं भागा, तासाची मिनिटं करा: तीन मिनिटं. हेच इंदूरचं ग्रहण.

आता २०२७ चं घ्या. इजिप्तमधल्या लक्सरजवळ सूर्य जवळपास डोक्यावर असेल, सावली २५८ किलोमीटर रुंद. ३९०० मधून पृथ्वीचे तिथले १५०० वजा केले की उरतात २४००. भागाकार येतो साडेसहा मिनिटांच्या आत. खगोलशास्त्रज्ञांचं काटेकोर गणित सांगतं ६ मिनिटं २३ सेकंद.

आकडे इतके सारखे येतात, कारण दोन्ही ग्रहणं एकाच कुळातली आहेत. १८ वर्षं ११ दिवस ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि चंद्राच्या कक्षेचे पातबिंदू (चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ती दोन ठिकाणं) जवळपास त्याच मांडणीत परततात. या चक्राला सॅरोस म्हणतात. विशेष म्हणजे चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतरही तेव्हा जवळपास तेच असतं. वरचे आठ तास मात्र खोडी करतात: तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश वळते आणि सावलीचा पट्टा पश्चिमेला ढकलला जातो. १९७३, १९९१, २००९, २०२७: सगळी याच घराण्यातली, दर वेळी काही सेकंदांनी आखूड होत चाललेली.

यातल्या १९७३ च्या ग्रहणात कॉन्कॉर्ड विमान ताशी दोन हजारांहून जास्त वेगानं आफ्रिकेवरून सावलीमागे धावलं. आतल्या शास्त्रज्ञांना तब्बल ७४ मिनिटं खग्रास स्थिती मिळाली. याला म्हणतात सावलीसोबत धावणं. क्रूझचा वेग ताशी ३७ किलोमीटर. २४०० मधून ३७ वजा करून पाहा. कॅप्टननं अगदी नेम धरून जहाज पळवलं, तरी कमाई सहा सेकंदांची!

जहाजाचा खरा फायदा आदल्या रात्री होतो. ताशी ३७ म्हणजे बारा तासांत ४४० किलोमीटर. उपग्रहाची ढगांची चित्रं पाहून तेवढं सरकता येतं. १९७२ मध्ये अमेरिकी खगोल-अभ्यासक टेड पेडास आणि सहकाऱ्यांनी ‘ऑलिम्पिया’ जहाजावरून उत्तर अटलांटिकमध्ये ग्रहणप्रवाशांना नेलं, तेव्हापासून या सफरींची खरी भिस्त यावरच आहे. २००९ मध्ये इंदूरला चाकं असती तर!

ग्रुपवर लगेच सूतक, तुळशीपत्र आणि गरोदर बायकांनी विळीला हात लावू नये, हेही आलंच. ग्रहणात अन्न नासत नाही. डोळे मात्र नासतात. ९९ टक्के झाकलेला सूर्यसुद्धा पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट प्रखर असतो, तेव्हा ग्रहणाचा चष्मा काढायचा तो फक्त पूर्ण खग्रास स्थितीत.

तर जायचं की नाही? लक्सरला ऑगस्टमध्ये ढग क्वचितच असतात, तिथे ढग चुकवायला जहाजाची गरजच नाही. चाळिशीपारचं ऊन मात्र सोसावं लागेल. जिब्राल्टरजवळ सकाळची वेळ असल्यानं पावणेपाच मिनिटांच्या आसपासच मिळतील आणि समुद्रावर धुकंही असू शकतं, तिथे जहाज कामी येईल. ट्रायपॉड घरीच ठेवा. डेक इंजिनानं थरथरतो आणि लाटांनी डुलतो, त्यामुळे लांब एक्स्पोजरचा फोटो हमखास हलतो. बुकिंग करताना एजंटला जेवणाचं विचारू नका. ग्रहणाच्या वेळी जहाज नेमकं कुठे असेल आणि ढग आले तर मार्ग बदलायची मुभा कॅप्टनला आहे का, ते लेखी घ्या.