सोमल आणि रक्ताचा कर्करोग

सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपल्याला विष म्हणूनच ठाऊक आहे. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर मात्र तेच औषध म्हणून जगभर दिले जाते, आणि त्याचा उगम चीनमधील एका गावठी औषधात आहे.

1970च्या दशकाच्या प्रारंभी ईशान्य चीनमधील हार्बिन येथील डॉक्टर झांग टिंगडोंग आणि औषधतज्ज्ञ हान ताईयुन यांच्यापर्यंत खेड्यात कर्करोगावर वापरला जाणारा एक पाठ, म्हणजे औषधाची कृती, पोहोचला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचे (एका प्रकारच्या बेडकाचे) विष होते. हान यांनी त्याचे इंजेक्शन बनवले. पुढे घटक वेगवेगळे तपासले तेव्हा पारा मूत्रपिंडाला इजा करतो, भेकाचे विष रक्तदाब वाढवते आणि गुण येतो तो सोमलाने, हे उघड झाले. पाठ पूज्य मानून जसाच्या तसा न ठेवता तो असा उलगडून पाहणे, हेच मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते.

या रोगात 15 आणि 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात आणि त्यातून एक जोडप्रथिन तयार होते, ज्यामुळे पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर अडते, अपक्व पेशी साचतात आणि रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांतही दगावू शकतो. सोमल या प्रथिनाच्या एका भागाला चिकटते आणि पेशी ते प्रथिन नष्ट करते. शांघायचे वांग झेनयी यांनी 1980च्या दशकात वापरात आणलेले अ जीवनसत्त्वाचे एक रूप त्याच्या दुसऱ्या भागावर काम करते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनीतील चाचणीत, तुलनेने कमी धोक्याच्या रुग्णांना ही दोन्ही औषधे दिल्यावर दोन वर्षांनी 97 टक्के रुग्ण जिवंत आणि रोगमुक्त होते. सोमलाऐवजी केमोथेरपी दिलेल्या गटात हे प्रमाण 86 टक्के होते.

हे जोडप्रथिन इतर कर्करोगांत नसते, त्यामुळे तेथे सोमलाला असे यश मिळालेले नाही. शिवाय ते हृदयाची लय बिघडवू शकते, म्हणून उपचारादरम्यान वारंवार ईसीजी काढावा लागतो. सोमलयुक्त भस्म किंवा पुडी स्वतःच्या मनाने घेणे जिवावर बेतू शकते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी केवळ सोमल वापरूनही बहुसंख्य रुग्णांचा रोग आटोक्यात आणला. चीनमध्ये आता मनशीळ (आर्सेनिकचे एक खनिज) व नीळ असलेल्या गोळ्याही दिल्या जातात; चाचणीत त्या शिरेतून दिलेल्या सोमलापेक्षा कमी ठरल्या नाहीत, आणि रुग्णालयात रोज सलाइन लावून घेण्याची गरज त्यांमुळे उरत नाही.