पितळ कडक होतं ते मार खाऊन

लालबुंद लोखंडी पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे लोहाराचं ज्ञान पक्कं आहे. गफलत होते ती हाच नियम पितळेला लावल्यावर. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी नळकांडी, घरीच पुन्हा भरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे.) पुंगळीचं तोंड नरम व्हावं म्हणून हे नेमबाज ते ज्योतीवर तापवतात आणि पुंगळी पाण्यात टाकतात. त्यातल्या काहींना वाटतं, धातूचा गुण पाण्यामुळे बदलतो.

पोलाद झटकन थंड केलं की त्याची स्फटिकरचनाच बदलते. पुंगळीच्या पितळेत 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं, आणि त्यातल्या अणूंची मांडणी ते वितळू लागेपर्यंत तशीच राहते. त्यामुळे पाण्याचं काम एवढंच, की उष्णता बुडाकडे सरकू नये.

मग पितळ कडक कशाने होतं? ठोकल्याने, दाबल्याने, ताणल्याने. स्फटिकातल्या अणूंच्या थरांमध्ये रेषेसारखे दोष असतात. 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली, आणि मला ती पदार्थविज्ञानातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. जड जाजम अख्खं ओढण्यापेक्षा त्यातली सुरकुती पुढे ढकलत नेणं सोपं, तसे हे दोष सरकतात म्हणून धातू वाकतो. पण प्रत्येक वाकवण्यात नवे दोष जन्मतात. नरम धातूच्या एका चौरस सेंटिमीटर छेदात ते फार तर काही कोटी असतात, भरपूर ठोकल्यावर दहा हजार कोटींच्या पुढे जातात. मग ते एकमेकांत अडकतात आणि कुणालाच सरकता येत नाही. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाने, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी, भांड्याला बळकटी येते ती यामुळेच.

गोळी सुटताना आत हवेच्या दाबाच्या सुमारे 4000 पट दाब होतो. पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, दाब ओसरताच किंचित आक्रसते. पुन्हा भरण्याआधी तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. फुगणं, दाबणं, परत फुगणं. काही फेऱ्यांनंतर तोंडाकडची मान इतकी कडक होते की उभी चिरते. तापवल्यावर ताणाने भरलेल्या जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, जवळपास निर्दोष स्फटिक उगवतात आणि मान नरम होते. बूड मात्र कधीच तापवायचं नाही. सगळा दाब तेच पेलतं, ते कडकच हवं.

आतला ताण किती घातक असतो, हे ब्रिटिश फौजेने भारतातच पाहिलं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना न वापरताच तडे जायचे. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेतला ताण, तिन्ही मिळून धातू फोडतात. सुमारे 260 अंश सेल्सिअसला तासभर तापवलं तर हा ताण निवळतो. पितळी तांब्याला आपोआप तडा गेला म्हणून अपशकुन मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पुंगळ्याही अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नयेत.

एका दुखण्यावर तापवणं चालत नाही. दरवेळच्या ताणाने बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून कधी एक चकचकीत कडं दिसतं, कधी काहीच नाही. म्हणून टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून वर ओढतात. तार खाचेत अडकली, तर ती पुंगळी पकडीने चेपून भंगारात टाकतात, म्हणजे चुकून पुन्हा भरली जात नाही.