टिळकांचा राजद्रोहाचा खटला: १८९७ चा कोणता, १९०८ चा कोणता?

‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख लिहिला म्हणून टिळक ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात गेले, असं छातीठोकपणे सांगणारे दरवर्षी १ ऑगस्टला भेटतात. या एका वाक्यात दोन खटल्यांची खिचडी झालेली असते, आणि गंमत म्हणजे हा अग्रलेख दोन्हींपैकी एकाही आरोपपत्राचा आधार नव्हता.

तो आला ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’त. त्याआधी २२ जूनला पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली होती आणि सरकार चवताळलं होतं. पण खटला भरला तो १५ जूनच्या, म्हणजे गोळीबाराच्याही आधीच्या अंकावर: शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता. न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ ज्यूरर. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. ती मात्र पुरी भोगावी लागली नाही. संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्यूलर यांच्यासारख्यांनी रदबदली केली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये अटी घालून सुटका झाली. मंडालेचा इथे संबंधच नाही.

१९०८ चं निमित्त बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेला बॉम्ब. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख सरकारने धरले. बॉम्बचं समर्थन त्यांत नव्हतं. दडपशाही चालू ठेवली तर असंच होणार, असं बजावणं होतं. झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांविषयीच्या पुस्तकांची नावं. नव्या स्फोटक कायद्यावर टीका करायची म्हणून नावं टिपली, हा टिळकांचा खुलासा. सरकारी पक्षाने ते कार्ड तरीही पुराव्यात घातलंच. या वेळी टिळकांनी बचाव स्वतः केला, एकवीस तासांहून जास्त बोलून. ज्यूरी सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. मंडाले ते हे. गिरणी कामगारांनी मुंबई सहा दिवस बंद पाडली.

घोटाळा होण्यासारखी आणखी एक जागा आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात बाजू मांडणारे बॅरिस्टर दिनशा दावर १९०८ मध्ये न्यायासनावर होते, आणि जिनांनी मागितलेला जामीन त्यांनीच नाकारला. नशिबाचा खेळ म्हणून हा किस्सा रंगवतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कायद्याचं. सरकारबद्दल आपुलकी नसणं म्हणजेच अप्रीती, असा १२४अ या राजद्रोहाच्या कलमाचा ताणून अर्थ स्ट्रॅचीने ज्यूरीला सांगितला होता. १८९८ च्या दुरुस्तीत द्वेष, तुच्छता, शत्रुत्व, सगळं कलमात लिहूनच टाकलं. म्हणजे १९०८ चा फास पहिल्या खटल्यातच वळला गेला होता. शिवाय समाजात वैर पसरवण्याबद्दलचं १५३अ हे कलम जोडीला होतंच.

राजकारणही पार बदललेलं. १८९७ मधले टिळक मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते. सार्वजनिक सभा या पुण्यातल्या संस्थेवरून रानडे-गोखल्यांशी बिनसलं होतं, पण भांडण पुण्यातलं होतं. बचावाला पैसा आणि वकील बंगालमधूनही आले. १९०८ मधले टिळक १९०७ च्या सुरत अधिवेशनातल्या फुटीनंतरचे, एका फुटलेल्या काँग्रेसमधल्या जहाल गटाचे पुढारी. मवाळांनी एप्रिलमध्ये अलाहाबादेत नवी घटना करून दार लावून घेतलं होतं, जूनमध्ये टिळकांना अटक झाली. संपादकाला तुरुंगात टाकलं की गटच नेत्याविना उरतो, हे सरकारने बरोबर हेरलं. जहाल काँग्रेसमध्ये परतले ते थेट १९१६ मध्ये लखनौला.

त्याच वर्षी तिसरं प्रकरण झालं, तेही या दोघांत मिसळू नये. ते लेखांवर नव्हतं, बेळगाव-अहमदनगरच्या भाषणांवर होतं. शिक्षा नव्हती, चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि त्या वेळी टिळकांच्या बाजूने उभे होते जिनाच.